नोंदी काढून द्याव्यात

मी भिंगारला राहते आणि पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करते. कंपनी डेटाबेसचं सॉफ्टवेअर बनवते. म्हणजे माणसांची, गावांची, औषधांची माहिती संगणकात अशी रचून ठेवायची, की हवी ती हवी तेव्हा सापडावी. ते कसं वापरायचं हे सांगणारी पुस्तिका आधी इंग्रजीत तयार होते आणि मग मी ती मराठीत लिहिते. त्याआधी पाच वर्षं मी नगरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. तास कमी होत गेले तेव्हा एका जुन्या विद्यार्थिनीने हे काम सुचवलं, आणि मला ते जमलं.

खरं तर जरा जास्तच जमलं. सरकारी पत्रकासारखी कोरडी भाषा लिहायची नाही, असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. एका परिच्छेदात एकच शब्द तीनदा आला की मला तो भातातल्या खड्यासारखा लागायचा. मग मी एकदा ‘नोंद’ लिहायचे, पुढच्या ओळीत ‘माहिती’, त्याच्या पुढे ‘रेकॉर्ड’. तक्त्यातल्या उभ्या घराला कुठे ‘रकाना’ म्हणायचे, कुठे ‘स्तंभ’, कुठे ‘कॉलम’. इंग्रजी पुस्तिकेत मात्र तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येत. मला वाटायचं, लिहिणाऱ्याकडे शब्दांचाच तुटवडा असावा. आमचे पुण्याचे सर, ज्यांच्याकडे सगळ्या पुस्तिकांचं काम आहे, एकदा फोनवर म्हणाले, “मॅडम, तुमची पुस्तिका वाचताना पुस्तिका वाटतच नाही.” ते वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवत होते.

आमचं सॉफ्टवेअर जामखेड भागात आरोग्याचं काम करणारी एक संस्था वापरत होती. तिकडची पुष्कळ कुटुंबं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तेवढे महिने लेकरं कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, तिला कोपी म्हणतात. कोणत्या मुलाला कोणती लस दिली, कोणती राहिली, कोणत्या बाईचे दिवस भरत आलेत, हे गावातली कार्यकर्ती संगणकात भरून ठेवायची. कुटुंब कुठल्याही कारखान्यावर असो, तिथल्या नर्सला ते दिसावं, अशी योजना होती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी संस्थेच्या कार्यालयाचा मेल आला. मेल सरांना होता. त्यात पुस्तिकेचा उल्लेख होता म्हणून त्यांनी तो माझ्याकडे पाठवला. खर्ड्याच्या केंद्रातल्या कार्यकर्तीने ऊसतोडीला गेलेल्या एकेचाळीस कुटुंबांच्या नोंदी नष्ट केल्या आहेत, त्या परत मिळतील का, असं विचारलं होतं. शेवटची ओळ अशी होती: ‘सदर कार्यकर्तीस संगणकाच्या कामावरून काढण्यात आले आहे.’

सरांनी वर लिहिलं होतं, ‘यूजरची चूक दिसते. पुस्तिकेत सगळं स्पष्ट आहे ना, तेवढं बघून घ्या.’

मी बघायला बसले. खात्रीने बसले. पान नऊवर होतं, ‘नको असलेली नोंद काढण्यासाठी लाल बटण दाबा.’ हे बरोबर होतं. लाल बटणाने नोंद कायमची जाते. मग मी पान एकतीस उघडलं. ‘कुटुंब स्थलांतरित होण्यापूर्वी त्याच्या सर्व नोंदी काढून कुटुंबाकडे द्याव्यात.’

ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि इंग्रजी पुस्तिका शेजारी उघडली. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘डिलीट’ होतं आणि दुसऱ्या ठिकाणी ‘एक्स्ट्रॅक्ट’. दुसऱ्याचा अर्थ एवढाच, की नोंदींची छापील प्रत घ्या आणि ती कुटुंबाच्या हातात द्या. मूळ नोंद संगणकात राहणारच. मी दोन्हीकडे ‘काढणे’ लिहून मोकळी झाले होते. आपण फोटो काढतो आणि डाग काढतो. फोटो काढला की काहीतरी हाती येतं, डाग काढला की काहीतरी जातं. बोलताना समोरची वस्तू दिसत असते म्हणून कुणी अडखळत नाही. पण खर्ड्याच्या त्या बाईंसमोर माझ्या पुस्तिकेशिवाय काहीच नव्हतं, आणि त्या पुस्तिकेने नवव्या पानावर त्यांना ‘काढणे’ म्हणजे लाल बटण, असं शिकवलं होतं. जिथे एक शब्द हवा होता तिथे मी हौसेने तीन वापरले होते, आणि जिथे दोन हवे होते तिथे एकावर भागवलं होतं.

दुपारी जेवताना मी अण्णांना, माझ्या वडिलांना, हे सांगितलं. अण्णा इथल्याच लष्करी आस्थापनेत सिव्हिलियन स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी घरातला डबासुद्धा ते लेबल लावल्याशिवाय फळीवर ठेवत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या बाईला कळलंय का, की चूक तुझी आहे?”

“नाही. कुणालाच नाही. सर म्हणतात, यूजरची चूक.”

“आमच्या स्टोअरमध्ये एका वस्तूला एकच नाव असायचं,” ते म्हणाले. “पठाणकोटहून मागणी आली काय आणि पुण्याहून आली काय, नाव तेच. नवीन होतो तेव्हा मला ते फार वेडगळ वाटायचं. मग एकदा माझ्या हातून पायाला गुंडाळायच्या लोकरी पट्ट्यांच्या जागी जखमेच्या पट्ट्या गेल्या. मागणाऱ्याने आपल्या बोलीतलं नाव लिहिलं होतं आणि मी माझ्या बोलीतलं समजलो. थंडीच्या दिवसांत तिकडच्या लोकांचे हाल झाले.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“कुणी विचारायच्या आत लिहून दिलं. आधी दिलं की त्याला कळवणं म्हणतात. नंतर दिलं की कबुलीजबाब.” एवढं बोलून त्यांनी ताकाचा पेला पुढे केला.

मी हात धुऊन सरांना मेल लिहिला. दोन्ही पानं जोडली आणि शब्द माझा आहे, चूक माझी आहे, बाईंनी पुस्तिकेप्रमाणेच केलं, असं सरळ लिहिलं. दहा मिनिटांत सरांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, पण थकलेला होता.

“मॅडम, हे फोनवर सांगायचं होतं. लेखी कशाला दिलंत?”

“सर, त्यांना कामावरून काढलंय.”

त्यांनी संस्थेच्या मेलची शेवटची ओळ मोठ्याने वाचली. मग म्हणाले, “राखीव प्रतीत काय मिळतंय ते बघतो.” संध्याकाळी त्यांनी कळवलं, की राखीव प्रत दर आठवड्याला जुनीवरच नवी चढत होती, आणि नोंदी तर दसऱ्यापासून एकेक करून गेल्या होत्या. शेवटच्या आठवड्यातली नऊ कुटुंबं परत मिळाली. बत्तीस गेली. त्यांनी संस्थेला कंपनीच्या नावाने पत्र पाठवलं आणि त्यात माझं वाक्य जसंच्या तसं घातलं. हे त्यांनी करायलाच हवं होतं, पण पुष्कळांनी केलं नसतं. मी त्यांना म्हटलं, मला खर्ड्याला जायचंय. ते म्हणाले, जा.

नगरहून जामखेडची एसटी मधे बीड जिल्ह्यातल्या कड्या-आष्टीतून जाते. जामखेडला जीप पकडून मी दुपारी खर्ड्याला उतरले. केंद्र म्हणजे किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दोन खोल्या. बाहेर तराजू टांगलेला, बाळांचं वजन करायचा. आत एक चाळिशीच्या बाई गोळ्यांची पाकिटं लावत होत्या. टेबलावरचा संगणक कापडाने झाकलेला होता. मी कोण ते सांगितलं तशा त्या उठून उभ्या राहिल्या.

“बसा मॅडम. पानी घ्या.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मी आता त्या मशिनीला हात लावत न्हाई. सायबांनी सांगितलंय.”

“ताई, तुम्ही नोंदी कशा काढल्या ते मला सांगाल का?” मी विचारलं. विचारताना माझ्याही तोंडी तोच शब्द आला.

त्यांनी कपाटातून पुस्तिका आणली. कडा मऊ पडल्या होत्या आणि पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या. माझं लिखाण इतकं मन लावून वाचलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. पान एकतीसवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “हितं लिवलंय, नोंदी काढून कुटुंबाकडं द्याव्यात. आता शाळंतनं पोराचं नाव काढतेत आन दाखला आईबापाच्या हातात देतेत. मला वाटलं, तसंच आसंल. हितनं काढायचं, त्येंच्या हातात द्यायचं, म्हंजी तिकडं नव्यानं नाव लागतं. म्हनून मी आदी कागद छापला, आईच्या हातात दिला, आन मग लाल बटन दाबलं.”

“मशीनने काही विचारलं नाही?”

“इचारलं की. तुमची खात्री आहे का, आसं आलं. मला खात्री हुती.”

मी त्यांना दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवली. इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते आणि मी एकच लिहिला, हे सांगितलं. त्यांनी दोन्ही वाक्यं ओठ हलवत पुन्हा वाचली.

“म्हंजी माजं वाचायचं चुकलं न्हाई?”

“नाही. तुम्ही बरोबर वाचलंत. मी चुकीचं लिहिलं.”

त्यांनी पदराने डोळे टिपले. रागावतील अशी मी तयारी करून आले होते, पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मी लगीन झाल्यावर आठ वरसं ऊस तोडला मॅडम. दहावी तर दोन लेकरं झाल्यावर केली. सायेब बोलले तवा मला वाटलं, आपलं डोस्कंच ह्या कामाचं न्हाई. घरी बी सांगितलं न्हवतं मी.”

मी संगणकावरचं कापड बाजूला केलं. संस्थेच्या साहेबांना तिथूनच फोन लावला. त्यांना सरांचं पत्र मिळालं होतं. त्यांनी फोन ताईंकडे द्यायला सांगितला. ताई नुसतं “व्हय सायेब, व्हय” म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, “हात लावा म्हनले.”

आता मार्ग एकच होता. छापलेले कागद त्या बत्तीस कुटुंबांकडे होते, आणि कुटुंबं कोल्हापूर-सांगलीपासून पार कर्नाटकापर्यंतच्या कारखान्यांवर पसरली होती. ताईंकडे बायांचे नंबर वहीत लिहिलेले होते. मी तीन दिवस त्यांच्या घरी राहिले. सकाळी बाळांची वजनं झाली, पोलिओची फेरी झाली की आम्ही फोन लावायला बसायचो. तोडणीत असलेली बाई फोन उचलत नाही. दुपारी भाकरी खायला टोळी थांबते तेवढ्यात तिला गाठावं लागतं. हे ताईंना माहीत होतं, मला नव्हतं.

“अगं, म्या दिलेला कागद हाय का? लेकराच्या लशीचा. त्येचा फोटू काडून धाड,” असं त्या सांगायच्या. कुणी फोटो पाठवला, त्यावर मोळीची माती लागलेली. कुणाच्या फोनला कॅमेरा नव्हता, तिने शेजारच्या कोपीतल्या शाळकरी मुलीकडून कागद वाचून घेतला आणि आम्ही ऐकून लिहिला. एकीने कागद पत्र्याच्या पेटीत तळाला ठेवला होता, लग्नातल्या साडीच्या घडीत. “तुमीच म्हनला हुता ना, जपून ठिव म्हनून,” ती म्हणाली. ताईंनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या.

तीन दिवसांत सव्वीस कुटुंबं पुन्हा उभी राहिली. पाच जणांचा फोन लागला नाही. एकीचा कागद चुलीत गेला होता. तिच्या मुलीला गोवरची लस दिली होती की नाही, हे ताईंना आठवेना. त्यांनी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, शंका असेल तर पुन्हा दिलेली चालते. त्या लहान मुलीला माझ्या शब्दापायी कदाचित एक सुई जास्त टोचली गेली. तशी ती फार मोठी गोष्ट नाही. पण मला ती अजून आठवते.

फोनच्या मधल्या वेळात आम्ही दोघी पुस्तिका घेऊन बसायचो. मी एका वहीत शब्दांची यादी करायला घेतली. एका गोष्टीला एकच शब्द, आणि एका शब्दाला एकच अर्थ. ‘काढणे’ आधी बाद केला. नोंद कागदावर घ्यायची असेल तर ‘छापा’, हे लगेच ठरलं. पण डिलीटला काय?

मी म्हटलं, “पुसा?”

“माजी सासू इचारायला पुसा म्हनती. त्येला पुस, तिला पुस.”

“मग हटवा?”

ताईंनी विचार केला. “हटवा म्हंजी गाडी हटवा. हटीवलेली गाडी माघारी आनता येती.”

“नष्ट करा?”

“आसं लिवलं आसतं तर माजा हात थांबला आसता,” त्या म्हणाल्या. मी यादीत ‘नष्ट करा’ लिहिलं. मला तो शब्द जड वाटायचा, वर्तमानपत्री. म्हणूनच मी तो कधी वापरला नव्हता.

रकाना, स्तंभ आणि कॉलम या तिघांवर तर त्यांनी मला चांगलंच धरलं. “हे तीन येगळे हायेत का एकच?” मी म्हटलं एकच. “मग मी तीन दिस ते स्तंभ हुडकीत हुते,” त्या शांतपणे म्हणाल्या. “स्तंभ म्हंजी खांब ना? मला वाटलं, चित्रात कुटं खांब आसंल. आमच्या रजिस्टरला पैल्यापसून रकानाच म्हनतेत.” यादीत रकाना राहिला. ‘रेकॉर्ड’ गेला, ‘नोंद’ राहिली. ‘माहिती’ हा शब्द फक्त सगळ्या नोंदी मिळून जे होतं त्याच्यासाठी ठेवला. असे छत्तीस शब्द झाले. त्यांपैकी निम्मे तरी ताईंनी ठरवलेले होते.

निघताना त्यांनी मला हुलग्यांची पिशवी दिली आणि मॅडमऐवजी ताई म्हणाल्या. “ताई, सवताची चूक सांगाया तुमी आलाव हितवर. आमच्याकडं सायेब लोक येत न्हाईत.” जीप सुटेपर्यंत त्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या.

परत आल्यावर सरांशी माझी थोडी कुरबुर झाली. त्यांचं म्हणणं, पुस्तिका बदलू, पण पडद्यावरच्या बटणांना हात लावायचा तर प्रोग्रॅमरांचं काम वाढतं. मी म्हटलं, पुस्तिकेत ‘नष्ट करा’ आणि बटणावर ‘काढा’ असेल तर आपण एक घोळ मिटवून दुसरा घालतोय. दोन आठवडे ते टाळत राहिले. मग एक दिवस त्यांनीच इंग्रजी पुस्तिका तपासायला घेतली, आणि त्यांना तिथेही ‘डिलीट’ आणि ‘रिमूव्ह’ सरमिसळ वापरलेले सापडले. एका ठिकाणी ‘रिमूव्ह’चा अर्थ नोंद कायमची घालवणं होता, दुसऱ्या ठिकाणी यादीतून नुसती लपवणं. इंग्रजीच्या साधेपणाला मी गरिबी समजत होते, आणि तीही तितकी साधी नव्हती. सर म्हणाले, “तुमची यादी पाठवा. आधी मराठीची, मग तिच्यावरून इंग्रजीची करू.” पुढच्या आवृत्तीत लाल बटणावर ‘कायमचे नष्ट करा’ आलं.

पाडव्यानंतर ताईंचा फोन आला. टोळ्या परतल्या होत्या. राहिलेल्या पाचांपैकी चौघांचे कागद मिळाले, नोंदी भरून झाल्या. पाचवं कुटुंब तिकडेच एका गुऱ्हाळावर राहिलं होतं, त्याचा पत्ता लागलेला नव्हता. संस्थेने ताईंना आता आणखी तीन गावांच्या कार्यकर्त्यांना संगणक शिकवायचं काम दिलं होतं. “मी त्येंला पैलं हेच सांगते,” त्या म्हणाल्या, “की न समजलं तर फोन करा. आपलं डोस्कं कमी हाय आसं धरून बसू नका.”

तेव्हापासून नवीन पुस्तिका छापायला जाण्याआधी एक प्रत खर्ड्याला जाते. सरांनी त्यासाठी पुस्तिकेवर तपासनीस म्हणून ताईंचं रीतसर नाव घातलं आहे. त्या पेन्सिल घेऊन बसतात. गेल्या महिन्यात मी एक पुस्तिका पाठवली होती. यादी समोर ठेवून, प्रत्येक शब्द ताडून लिहिलेली. माझ्या मते त्यात काही राहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला.

“ताई, बाराव्या पानावर साठवा लिवलंय आन चाळिसाव्या पानावर जतन करा. दोन हायेत का एकच?”

“एकच,” मी म्हटलं.

“मग कोन्चं ठिवायचं?”

मी विचारलं, तुम्हाला कोणतं बरं वाटतं. त्या म्हणाल्या, साठवा, दाण्यासारखं. मी पान चाळीस उघडलं आणि दुरुस्त केलं.